करवतीची दुसरी मूठ

झाड पडलं ते नेमकं रस्त्यावर. आजूबाजूला एवढं मोकळं रान होतं, पण वादळानं ते मुळासकट उपटलं आणि शहराकडे जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर, वळणाशी, आडवं टाकलं. खोड एवढं जाड की पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं फक्त डोकं दिसावं. यंत्राची करवत शहरात होती, आणि शहर झाडाच्या पलीकडे. त्यामुळे उजाडताच करवत्यांच्या घरचे दोघे भाऊ आपली दोन मुठींची लांब करवत घेऊन तिथं हजर झाले. थोरला आणि धाकटा. गावात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे.

अशी करवत फक्त ओढायची असते. एकानं ओढायची, मग दुसऱ्यानं. समोरचा ओढत असताना आपण हात सैल सोडायचा. ढकलायला गेलात की पातं वाकतं आणि समोरच्याच्या शिव्या खाव्या लागतात. धाकट्याला ओढताना नाकातून ‘हं’ करायची सवय होती, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्याचा हात त्या ‘हं’वर आपसूक चालायचा. थोरला वीस वर्षं त्यावरच चालत आला होता. मागं थोरल्याच्या बरगड्या मोडल्या तेव्हा एक अख्खा उन्हाळा धाकट्याच्या बायकोनं ती मूठ धरली होती. गावानं तोंडं वाकडी केली. पण तिचं आणि त्याचं जमायचं असं, की म्हातारा बापसुद्धा एकदा म्हणाला, या दोघांची करवत गाते.

खोडात चार बोटं करवत गेली असेल नसेल, तेवढ्यात खालच्या वाटेनं सुईण येताना दिसली. काटक बाई, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, काखेत पिशवी. ती थांबली नाही.

“मी तुमच्या घरी चाललेय,” ती चालता चालताच म्हणाली. “तुला यायचं असलं तर हात धुऊन ये.”

धाकट्यानं मूठ सोडली.

“कुठं निघालास?” थोरला खोडापलीकडून म्हणाला.

“मावशी आली की घरात यायचं, असं ठरलंय.”

“कुणाशी?”

“तिच्याशी.”

थोरल्यानं कपाळाचा घाम पुसला. “मावशी काय वर्षाला साठ बाळंतपणं करते. तिला तुझा काय उपयोग? पाणी तापवणार तू? इथं रस्ता अडलाय. उद्या तुझ्या बायकोला शहरात न्यायची वेळ आली तर जीप काय झाडावरून उडवायची?”

बोलणं बिनतोड होतं, आणि म्हणूनच धाकट्याला राग आला.

“दुकानदाराला घे दुसऱ्या मुठीला,” तो म्हणाला. “मी शब्द दिलाय.”

“बायकोला?” थोरला म्हणाला, आणि जमलेल्या लोकांकडे बघून हसला. “बांगड्या भरून जा आत. मोकळ्या हातानं बरं दिसत नाही.”

लोकही हसले. त्यात दुकानदार होता, दूधवाला होता, ज्याच्या छपराचा अर्धा पत्रा वादळानं नेला होता तो कुंभारही होता. धाकटा मान खाली घालून निघाला. खांद्यावर भुसा तसाच होता, तो झटकायचंही त्याला सुचलं नाही.

शब्द दिला होता, त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं पहिलं मूल शहरातल्या दवाखान्यात जन्मतानाच गेलं. तिथं पुरुषांना आत सोडत नव्हते. धाकटा फाटकाबाहेर बाकीच्या नवऱ्यांबरोबर गप्पा मारत उभा होता, आणि आत ती ते मूल कुशीत घेऊन तासभर एकटी पडली होती. निरोप आला तेव्हा तो कुणाच्या तरी विनोदावर हसत होता. हे त्यानं स्वतःच नंतर तिला सांगितलं, आणि सांगितल्याचा त्याला पश्चात्तापही झाला. या वेळी दिवस राहिले तेव्हा तिनं दोनच गोष्टी मागितल्या. घरीच, आणि तुम्ही आत. सुईणीनं आपली अट घातली. मूल अडलं आणि मी म्हटलं की शहरात न्यायचं, तर न्यायचं. तेव्हा हट्ट चालणार नाही.

म्हातारा घराच्या पायरीवर बसला होता. कमरेतून वाकलेला, पण खांदे अजून रुंद. मुलाला घरात शिरताना बघून तो म्हणाला, “काही राहिलं का घरात?”

“नाही. मी आत बसणार आहे.”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट बघितलं, मग रस्त्याकडे तोंड फिरवलं. “आमच्यात कुणी बसलं नाही,” एवढंच म्हणाला.

मधल्या खोलीत जमिनीवर गादी अंथरली होती. खिडकीला जुनी चादर लावली होती, तरी ऊन आत येत होतं. थोरल्याची बायको माहेरी आजारी आईपाशी गेलेली, त्यामुळे घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. चुलीवरचं पाणी सुईणीनंच ठेवलं होतं. बायको भिंतीला दोन्ही हात टेकून उभी होती. कळ ओसरली तशी तिनं मान वळवली, त्याला बघितलं आणि श्वास सोडला.

“पाठ चोळ,” सुईण म्हणाली. “खाली, कमरेशी. जोर लाव.”

त्यानं जोर लावला. बायको कळवळली. “खरखरीत आहेत हो हात. सोलून निघतेय.”

आयुष्यभर ज्या हातांचा त्याला अभिमान होता, ते त्यानं उलटे करून बघितले. मग सुईणीनं त्याला मनगटापुढचा भाग वापरायला शिकवलं, आणि तो लाटणं फिरवावं तसा हात फिरवत राहिला. अर्धा तास, तास. त्याला वाटलं होतं बाळंतपण म्हणजे धावपळ असेल, हे आण, ते आण, आणि तो धावेल. इथं नुसती वाट बघायची होती. कळ यायची, जायची. सुईण पिशवीतल्या लाकडी नळीला कान लावून पोटातल्या मुलाचे ठोके ऐकायची, मान हलवायची आणि पुन्हा भिंतीला टेकून बसायची.

बाहेरून करवतीचा आवाज येत होता. दोन-तीन ओढी झाल्या की टणकन वाजायचं.

“ढकलतोय,” धाकटा पुटपुटला.

“कोण?” बायकोनं विचारलं.

“दुकानदार. पातं वाकवणार आज.”

ती हसली. घामानं निथळत होती, ओठ सुकले होते, पण हसली. “मीसुद्धा पहिल्या दिवशी ढकलत होते,” ती म्हणाली. “तुम्ही तीन वेळा शिव्या दिल्यात.”

“दोन वेळा.”

“तीन.”

दहाच्या सुमारास कळा जवळ आल्या. आता ती गादीवर गुडघ्यांवर बसली होती, आणि तो समोर, तिचे दोन्ही हात धरून. कळ आली की ती त्याचे हात ओढायची. तो आपल्याकडे ओढून तोल सांभाळायचा. ती ओढायची, तो ओढायचा. त्याला पहिल्यांदाच इथं आपण काही कामाचे आहोत असं वाटलं. डोळे मिटून तो त्या लयीत गेला, आणि कळेगणिक तिची ओढ जोरकस होत गेली. तिच्या घशातून आता वेगळाच आवाज येत होता, ओझं उचलताना येतो तसा.

सुईण चुलीकडून पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

“ही जोर का लावतेय?”

सुईणीनं भांडं खाली ठेवलं, बायकोला आडवं केलं, हात धुऊन तपासलं. तिचा चेहरा बदलला. “वाट अजून अर्धीच उघडलीय. आणि ही रेटतेय. सूज यायला लागलीय. तुला कुणी सांगितलं गं जोर लाव म्हणून?”

“कुणी नाही,” बायको म्हणाली. “आपोआप…”

“आपोआप इतक्यात होत नाही.” सुईण धाकट्याकडे वळली. “तू काय बोललास तिला?”

“एक शब्द बोललो नाही.”

तेवढ्यात पुढची कळ आली. बायकोनं त्याचा हात पकडला, आणि त्याच्या नाकातून निघालं, ‘हं’. तिची कंबर त्यासरशी ताठ झाली, श्वास कोंडला गेला, हनुवटी छातीला लागली. पुन्हा ‘हं’. पुन्हा तिचं अंग रेटलं.

सुईणीनं त्याच्या दंडावर चापट मारली. साधी नव्हती, चांगली सणसणीत.

“हे बंद कर.”

धाकट्याच्या तेव्हा लक्षात आलं. एक उन्हाळाभर ती त्या आवाजावर करवत ओढत होती. तिच्या अंगाला दुसरं काही माहीतच नव्हतं. त्याला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. इतका वेळ तिला धीर देतोय म्हणून जे केलं, त्यानं तो मुलाला बंद दारावर आपटत होता.

“तोंड उघडं ठेव आणि नुसता फू फू श्वास सोड,” सुईण तिला सांगत होती. “डाव्या कुशीवर हो. कितीही वाटलं तरी रेटायचं नाही. आणि तू,” तिनं त्याच्याकडे बोट केलं, “तोंडात फडकं धर.”

त्यानं खरंच खांद्यावरचं फडकं तोंडात धरलं. त्याला भुशाची चव येत होती.

सुईणीनं नळी लावली. या वेळी तिनं मान हलवली नाही. नळी थोडी सरकवून पुन्हा ऐकलं. ती बोटांनी जमिनीवर ठोके वाजवत होती, आणि तो त्या बोटांकडे बघत होता. बोटं सावकाश चालली होती. मघाशी ती याच्या दुप्पट चालत होती.

“कळेबरोबर मूल दमतंय,” ती हळू म्हणाली. “तासभर बघू. सूज उतरली, ठोके वर आले, तर इथंच होईल. नाही तर न्यावं लागेल. रस्ता कुठवर आलाय?”

रस्ता कुठवर आला होता ते दारातूनच कळलं. थोरला अंगणात येऊन उभा होता. शर्ट काढून कमरेला बांधलेला, छाती धपापत होती.

“बाहेर ये,” तो म्हणाला. “दुकानदारानं मनगट मुरगळून घेतलं. अर्ध्याच्या वर खोड राहिलंय. तू आणि मी लागलो तर तासाभरात मोकळं करू. मावशी काय म्हणाली ते मी ऐकलंय. आता तरी पुरुषासारखा वाग.”

धाकट्यानं तोंडातलं फडकं काढलं.

खरं सांगायचं तर त्याला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. त्या खोलीत त्याला भीती वाटत होती, आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी. इथं त्याचे हात टोचत होते, त्याच्या श्वासानंसुद्धा नुकसान होत होतं. तिकडे एक झाड होतं, आणि झाडाचं काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. आणि कारण तर सोन्यासारखं होतं. रस्ता उघडायला गेलो म्हटल्यावर कोण नावं ठेवणार होतं? तिनंसुद्धा ठेवली नसती.

बायकोनं त्याचा हात सोडला. “जा,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “खरंच रस्ता लागला तर?”

तो उठला. दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर त्यानं मागं वळून बघितलं. कळ येत होती. तिचा मोकळा हात गादीवर काहीतरी शोधत होता, चादर, कडा, काहीही. मग तिनं स्वतःचंच दुसरं मनगट पकडलं.

दवाखान्यात तिनं हेच केलं असणार, हे त्याला तिथं कळलं.

“दादा, मी येत नाही,” तो म्हणाला.

“डोकं फिरलंय का तुझं? मेली तर काय करशील?”

हा शब्द त्या खोलीत सकाळपासून कुणी उच्चारला नव्हता. सुईणीनं झटकन वर बघितलं.

“तरी इथंच असेन,” धाकटा म्हणाला. “बाबांना घे.”

थोरला तोंड उघडून पायरीकडे बघत राहिला. म्हाताऱ्यानं चार वर्षांत करवतीला हात लावला नव्हता. वैद्यानं सांगितलं होतं, वाकलास तर सरळ होणार नाहीस. म्हातारा हळूहळू, भिंतीला धरून उठला.

“चल,” तो थोरल्याला म्हणाला. “मी बसून ओढतो.”

धाकटा परत आत गेला. तो तिच्या मागं भिंतीला टेकून बसला, तिला छातीशी घेतलं आणि फडकं पुन्हा तोंडात धरलं.

तो तास त्याला पुढं कधी नीट आठवला नाही. तुकडे आठवायचे. ती फू फू करत होती आणि मध्येच रडत होती, रेटू द्या, रेटू द्या म्हणत होती, आणि सुईण नाही म्हणत होती. एकदा ती त्याच्या दंडाला चावली. एकदा तिनं त्याला अशी शिवी दिली की सुईणीलाही हसू आलं. बाहेर करवत पुन्हा चालू झाली होती, संथ, पण टणत्कार न करता. दर पाच मिनिटांनी सुईण नळी लावायची आणि बोटांनी ठोके वाजवायची. धाकटा दुसरीकडे कुठं बघतच नव्हता. बोटं हळू, हळू. मग थोडी भराभर. मग पुन्हा हळू. मग एकदा नळी काढून तिनं हात धुतले, तपासलं, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“उतरली सूज,” ती म्हणाली. “आता लाव गं जोर. तुला वाटेल तेव्हा, तुला वाटेल तेवढा. याच्याकडे बघू नकोस.”

आता सगळं तिच्या हातात होतं. ती रेटायची तेव्हा तो नुसता आधार व्हायचा, आणि ती थांबली की हात सैल सोडायचा. एवढं एकच काम उरलं होतं आणि त्यात त्याची सगळी ताकद लागत होती. कधीतरी तो लहान मुलासारखा रडत असल्याचं त्याला कळलं, कारण तिची मान ओली झाली होती.

डोकं बाहेर आलं तेव्हा सुईण म्हणाली, “थांब. आता अजिबात नाही.” नाळ गळ्याभोवती होती. तिनं ती बोटानं ओढून मुलाच्या डोक्यावरून काढली, शांतपणे, गळ्यातला दोरा काढावा तशी. मग पुढच्या कळेला बाकीचं अंग एकदम आलं, निसटतं, निळसर, गप्प.

गप्प. सुईणीनं ते पालथं केलं, पाठ चोळली, तोंड पुसलं. काही नाही. तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. बाहेर करवत चालली होती. बायकोनं डोळे घट्ट मिटले होते आणि त्याची बोटं मोडतील अशी धरली होती. धाकट्याला तिला सांगायचं होतं की होईल, सगळं ठीक होईल, पण तसं म्हणायला त्याला काहीच माहीत नव्हतं.

“मी इथं आहे,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “या वेळी मी इथं आहे.”

सुईणीनं मुलाच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. दोनदा. तिसऱ्यांदा वाकली, तेव्हा मुलानं तिच्या गालावर थुंकल्यासारखं केलं, खोकलं, आणि ओरडलं. बारीक, रागीट आवाज. मग जो ओरडा सुरू झाला तो थांबेचना.

“मुलगी,” सुईण म्हणाली, आणि ते गरम, चिकट ओझं बायकोच्या छातीवर ठेवलं.

वार पडली, रक्त थांबलं. सुईणीनं सांगितलं तसं धाकट्यानं रक्तानं भिजलेल्या चादरी गोळा केल्या आणि मागच्या दारी टबात भिजत घातल्या. पाणी लाल झालं, ते ओतून त्यानं दुसरं भरलं. कुंभार कुंपणावरून बघत होता. धाकट्यानं त्याच्याकडे बघितलं आणि चादर चोळत राहिला. कुंभारच दुसरीकडे बघायला लागला.

दुपार कलल्यावर तो पुढच्या पायरीवर आला. झाडाचे दोन तुकडे झाले होते, लोकांनी शेंड्याकडचा बाजूला ओढला होता आणि मधून जीप जाईल एवढी वाट होती. थोरला तिकडेच फांद्या ओढत होता. तो घराकडे आला नव्हता. त्याला यायला अजून दोन दिवस लागणार होते.

म्हातारा पायरीवर एका कुशीवर टेकून बसला होता. कंबर धरली होती. अंगभर भुसा, आणि चार वर्षांत मऊ पडलेले तळहात फुटून लाल झालेले.

“मुलगी आहे,” धाकटा शेजारी बसत म्हणाला.

“ऐकलं. आवाज चांगला आहे.”

“रस्ता लागला नाही.”

“नाही लागला ते बरं झालं.”

मग म्हातारा रस्त्याकडेच बघत म्हणाला, “आत काय होतं रे?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय होतं. तुझ्या आईची चार बाळंतपणं याच घरात झाली. दोघं राहिलात. मी एकदाही आत गेलो नाही, आणि तिला कधी विचारलंही नाही. आता कुणाला विचारू?”

धाकट्यानं सांगायला सुरुवात केली. सगळं नाही, पण बरंच. नळीचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, स्वतःच्या चुकीचं सांगितलं.

“हाका मारतात का?” म्हाताऱ्यानं शेवटी विचारलं.

“मारतात.”

“कुणाला?”

“मलाच हाका मारत होती. मी तिच्या मागंच बसलो होतो, मान माझ्या खांद्यावर होती, तरी मारत होती.”

म्हाताऱ्यानं फुटलेला तळहात मांडीवर पुसला.

“तुझ्या वेळी दीड दिवस लागला,” तो म्हणाला. “इथवर ऐकू यायचं. मग मी करवत काढली आणि कानस घेऊन धार लावत बसलो. कानशीचा आवाज मोठा असतो, त्यात दुसरं ऐकू येत नाही. दीड दिवस. दाते पार झिजवून टाकले, त्या करवतीनं पुढं धड लाकूड कापलं नाही. लोक म्हणायचे, बघा, गडी कसा घट्ट आहे.”

तो पुढं काही बोलणार होता, पण आतून धाकट्याच्या बायकोचा आवाज आला. बसलेला, जेमतेम ऐकू येणारा.

“अहो…”

धाकट्याच्या आधी म्हातारा उठला. कंबर विसरून, एका झटक्यात. दाराकडे दोन पावलं गेला, आणि तिथं थांबला. मग भिंतीला धरून तो बाजूला सरला आणि त्यानं वाट करून दिली.

“जा,” तो म्हणाला. “हाक मारतेय.”